पिवळा ठिपका

औलू शहरात डिसेंबरात सूर्य दहानंतर येतो
आणि दोन वाजले की आवराआवर करतो.
थिएटरला खिडकीच नाही,
त्यामुळे आम्हाला त्याचं येणं-जाणं सारखंच.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर,
निर्जंतुक रेघेच्या अलीकडे.
मांडीवर लॅपटॉप, त्यात तिचे डोळे.
डॉ. इल्मा राउतियो.
पोटावर चार छिद्रं, करंगळी जाईल न जाईल एवढी,
आत काठीच्या टोकाला कॅमेरा,
आणि पडद्यावर ते पित्ताशय:
ओल्या डिंकासारखं चकाकणारं, चिकटलेलं, हट्टी.
तिचे हात खाली, नजर वर.
मधलं अंतर ती चोवीस वर्षं
मनातल्या मनात भरून काढते आहे.

माझं यंत्र साधं. पापण्या मोजतं.
नजर कुठे टेकली, किती वेळ, कधी घसरली.
घसरली तर पडद्याच्या कडेला एक पिवळा ठिपका.
आवाज नाही.
"इथे आधीच सगळं कोकलत असतं,"
पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं.

तिसरा तास.
ठिपका लागला.

"जागी आहे मी," माझ्याकडे न बघता.
वेइक्कोने पुढे केलेली क्लिप हवेतच राहिली.
नळी समोर होती, अगदी हातातोंडाशी.
तिने चिमटा मिटून मागे घेतला,
मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मोडली.
"कॅमेरा जरा मागे."
चित्र लांब गेलं, आणि नळीच्या पाठीमागून
दुसरी एक नळी दिसायला लागली,
दाराआड लपलेल्या पोरासारखी.
"हं," ती म्हणाली.
तिच्या मानाने हे भाषणच.

नंतर कॉफीच्या मशीनपाशी तिने आलेख मागितला.
एक वाजून सतरा मिनिटं: अकरा सेकंद रेघ सपाट,
पापणीसुद्धा लवलेली नाही.
"इथे तू नव्हतीस."
"भावाकडे होते. छपरावरचा बर्फ काढायला
त्याला माणूस मिळाला का, विचारायचं राहिलंय."
रेघेवर बोट तसंच.
"हे यात दिसत नाही ना?"
"नाही."
"बरंय," म्हणाली, आणि कप न विसळताच गेली.

गाडीची काच खरवडताना आठवलं:
त्या अकरा सेकंदांत मीही पडद्याकडे बघत नव्हतो.
तिच्या डाव्या बुटावर आयोडीनचा डाग होता,
बदकासारखा.
चोचसुद्धा होती त्याला.