धूरघरातली तालीम

ग्रिम्सबीत हॅडॉक धुरावायची एक जुनी जागा आहे.
भिंतींवर शंभर वर्षांचं डांबर
आणि आत दर मंगळवारी आम्ही चौघं:
तान्या स्लाइटची गिटार, रोवेना डॅनटचा गळा,
ड्रमवर क्लाइव्ह ममबी, वय सदुसष्ट,
आणि बेसवर मी, जो दिवसा इथेच मासे टांगतो.

पुस्तक रोवेनाचं. शाळेत शिकवते ती.
बांधणी सुटलेली, पानोपानी लाल पेन्सिल.
स्वर्गातून हाकललेल्या देवदूतांचं महाकाव्य,
त्याची तिला रॉकची गाणी हवी होती.
‘डोकं फिरलंय तुझं,’ तान्या म्हणाली,
आणि तारा जुळवायला लागली.

आधी वाक्यांनीच छळलं.
एक वाक्य निघतं, डोंगर ओलांडतं, समुद्र ओलांडतं,
वाटेत कुठल्याशा मेलेल्या राजाची चौकशी करतं,
आणि क्रियापद सोळाव्या ओळीत.
रोवेनाचा श्वास नवव्या ओळीला संपायचा.
ध्रुवपद शोधावं, तर ध्रुवपद नाही.
परत यायची सोयच ठेवलेली नाही त्या काव्यात.

बंडखोरांचं मात्र पटकन जमलं.
आगीच्या सरोवराकाठची त्यांची सभा
एका बैठकीत बसली, तीन सुरांवर.
गोदी बंद पडली तेव्हा आजोबांच्या युनियनची सभा
अश्शीच झाली असणार, तान्या म्हणाली,
भाषणं चौघांची, आणि निर्णय आधीच झालेला.

देवाचा भाग कुणी घेईना.
मी गाऊन पाहिला, पाद्रीबुवांना सर्दी झाल्यासारखा वाटला.
ऑर्गन लावून पाहिला, लिफ्टमध्ये अडकल्यासारखं वाटलं.
शेवटी ॲम्प्लिफायरची घरघर तेवढी ठेवली,
जी कुणी वाजवत नाही
आणि आम्ही सुरू करायच्या आधीपासून असते.

राहिलं पडणं.
नऊ दिवस पडत राहतात ते. नऊ दिवस, नऊ रात्री.
साडेचार मिनिटांत कसे पाडायचे?
क्लाइव्हनं सगळं करून पाहिलं, दुप्पट लय, चौपट लय,
झांजांचा पाऊस. दरवेळी
माळ्यावरून भांडी घरंगळल्यासारखं.
पाचव्या मंगळवारी रोवेनानं पुस्तक मिटलं
आणि कोटाची बटणं लावायला घेतली.

तेव्हा क्लाइव्हनं काठ्या मांडीवर ठेवल्या.
पुस्तक त्यानं उघडलेलंही नाही, चष्मा व्हॅनमध्येच असतो.
म्हणाला, ‘मी पडलोय.
त्र्याहत्तर साली. आइसलँडच्या वर. डेकवर बर्फ होतं.’
मग बराच वेळ काहीच नाही.
उजवा कान चोळत राहिला,
त्याच रात्रीपासून ऐकू न येणारा.
‘पडताना ठेका नसतो,’ म्हणाला. ‘ठेका खाली, पाण्यात असतो.’

आता ते गाणं असं:
तान्या तार ओढून सोडून देते,
क्लाइव्हचे दोन्ही हात वर, काठ्या हवेत,
आणि रोवेना एका श्वासात,
कठड्यापलीकडे, शेवटच्या दिव्यापलीकडे,
स्वर्गाच्या वहीतून नावं खोडलेल्यांसोबत,
गोदीच्या हजेरीबुकातून खोडलेल्यांसोबत,
पंख असून, रबरी बूट असून,
खाली, अजून खाली, जिथं खाली हा शब्दही
वरच राहून गेलेला,
घरघरीच्या आधारानं, नऊ रिकाम्या मात्रा
पडते.
आणि मग समेवर क्लाइव्ह.
भिंतीचं डांबर हलतं.

नाविकांच्या जुन्या हॉलमध्ये पहिला कार्यक्रम झाला.
एकतीस माणसं, त्यातली सहा आमच्या घरची.
पडायचं गाणं आलं. मी मनात मोजत होतो.
सात. आठ. नऊ.
क्लाइव्हचे हात वरच.
दहा.
तान्यानं माझ्याकडे पाहिलं. रोवेनाच्या मानेची शीर ताठलेली.
क्लाइव्ह छताकडे बघत होता, तोंड अर्धवट उघडं.
अकराव्या मात्रेला हात खाली आले.

नंतर व्हॅनमध्ये सामान भरताना विचारलं,
नऊ ठरल्या होत्या ना?
तो झांजा टॉवेलात गुंडाळत होता.
‘हुक यायला,’ म्हणाला, ‘तेवढा वेळ लागला.’