कोण किती पाण्यात

मार्च. ओझार्क्सच्या तळ्यात अजून कुणी उतरलेलं नाही.
शेडमध्ये तिन्ही बोटी स्टँडवर, पोटं उघडी टाकून,
आणि ओनेटा ब्रॅशर, वय एकाहत्तर,
अंगात पुरुषी कोट, खिशात वही,
मला म्हणते, "पैसे तासाचे देतेय,
तेव्हा कौतुक नको. ठोक."

मी ठोकणारा माणूस.
एकतीस वर्षं बोटींच्या पोटावर हातोडी वाजवतोय.
आतलं लाकूड सुकं असेल तर टक्,
पाणी प्यालेलं असेल तर थप्.
बाकीचं सगळं मालक बोलतात.

पहिली केस्ट्रेल. दोन इंजिनं, अंगावर रंगवलेल्या ज्वाळा.
मालक दाताचा डॉक्टर. सांगतो, फ्लोरिडाची बांधणी,
समुद्रासाठी घडवलेली, तळ सुरीसारखा,
लाट कापते, लाटेवर आपटत नाही.
"इथे समुद्र कुठंय?" ओनेटा विचारते
आणि लिहून घेते: तासाला पंचाहत्तर गॅलन.

दुसरी हॅलोरन. हिच्या तळाला दोन पायऱ्या,
तिथून हवा शिरते,
मग बोट निम्मी पाण्यावर, निम्मी वाऱ्यावर.
तिघींत हीच पळणारी. वळताना मात्र
हात हलका लागतो, नाहीतर शेपूट तोंडाच्या पुढे येतं.
विकायला आलेला पोरगा, लॅरमी पोगस,
म्हणतो, नव्वद. ताशी नव्वद मैल, डोळे मिटून.
"जमिनीवर सगळ्याच नव्वदनं पळतात," ओनेटा म्हणते,
"डोळे मिटून तर शंभरनं."

दोघींवर हातोडी फिरवली. दोघीही टक्.
ओनेटा काही बोलली नाही.

तिसरी टर्नबुल, एक्याण्णव सालची, एकच इंजिन,
वरचा थर जुन्या पियानोच्या पट्ट्यांसारखा पिवळा.
हिच्याबद्दल कुणीच काही सांगितलं नाही.
विकणारा दारात उभा राहून सिगरेट ओढत होता.

पेट्रोलच्या धक्क्यावर चाळीस वर्षं ओनेटानं हिशेब लिहिला.
कुठली बोट किती पिते, कुणाची पिऊन उधारी ठेवते,
कुठली शनिवारी गर्जत गेली
आणि रविवारी दुसरीच्या दोरीला बांधून आली,
सगळं तोंडपाठ.
त्या चाळीस वर्षांत तिला कुणी, एकदाही,
"चल, बस" म्हणालं नाही.
हे तिनं मला सांगितलेलं नाही.
त्या धक्क्यावर मीही असायचोच की.
मीही म्हणालो नव्हतो.

कान तिचे गेलेत. म्हणून ती टर्नबुलच्या आतच उतरली,
मागच्या फळीला तळहात लावून बसली.
मी बाहेरून ठोकत निघालो, वीत वीत सरकत.
टक्. टक्. टक्. टक्.
"इथे!" ती आतून ओरडली.
मला टक्‌च ऐकू आलं होतं.
मीटर लावला. काटा लाल पट्टीत.
वहीएवढी ओल, नेमकी इंजिनाच्या भाराखाली.

म्हटलं, चला, ही गेली यादीतून.
"का?" हात कोटाला पुसत ती म्हणाली.
"हिचं काय दुखतं ते आता मला माहीत आहे.
त्या दोघींचं अजून कळायचंय."
मग दारापर्यंत गेली
आणि त्याची सिगरेट संपायच्या आत
किमतीतले अकरा हजार डॉलर उतरवून आली.

फळी बदलण्यात अख्खा मे गेला.
जूनमधल्या एका मंगळवारी, तळं रिकामं असताना,
ती माझ्या धक्क्यासमोरून गेली.
उभी, गुडघे जरासे वाकवून,
एक हात चाकावर, एक थ्रॉटलवर.
एकसष्ट मैल असेल. बासष्ट.
मी हात वर केला. तिनं पाहिलं नसेल,
किंवा पाहिलंही असेल.
मग आवाजसुद्धा गेला.

बऱ्याच वेळानं तिच्या लाटा पोचल्या,
माझ्या धक्क्याच्या फळ्यांवर एकामागून एक आपटल्या,
आणि मी सवयीनं कान दिला:
टक् की थप्.