सातवा खिळा

लुलेओच्या विद्यापीठात माझं काम दिव्यांचं, कुलपांचं,
आणि वर्षातून वीसेक वेळा एका भोकाचं.

प्रबंध छापून आला की तोंडी परीक्षेच्या तीन आठवडे आधी
तो फळीला ठोकायचा, ही इथली रीत.
कोणीही यावं, वाचावं, चुका काढाव्यात.
पण दोनशे पानांतून खिळा सरळ जात नाही,
म्हणून आदल्या दिवशी पुस्तक माझ्याकडे येतं,
तळघरात, ड्रिलखाली.

आज तुवाचं.
खनिजाच्या गाडीचं बेअरिंग मोडण्याआधी कसं कण्हतं
ते तिनं सहा हिवाळे ऐकलं.
उणे तीसमध्ये सेन्सर चिकटवले, बोटांची सालं रुळावर राहिली.
मग संगणकाला शिकवत बसली:
हे कण्हणं, ही नुसती थंडी.
त्याला फरक कळेना. तिसऱ्या वर्षी तिलाही कळेना.
तेव्हा माझ्या खोलीत येऊन बसायची.
मी काही विचारायचो नाही, कॉफी ओतायचो.
एकदा ओरडली, "सिक्स्टेन, कळलं
घोडं कुठं पेंड खातंय!"
आणि कप तसाच टाकून पळाली.
काही कळलं नव्हतं. गुरुवारी परत आली.

मी ही पुस्तकं वाचत नाही.
ड्रिलखाली भुसा पडतो, तेवढा बघतो:
पांढरा, मध्येच एखाद्या आलेखाचा निळा.
एकदा तळहातावर बरोबरचं चिन्ह आलं,
शाबूत. दोन्ही बाजू गायब.

खणात एक डबी आहे.
मुलं रुजू होतात त्या शरदात मी खिळे आणतो,
माणशी एक. कुणाला सांगत नाही.
तुवाच्या तुकडीचे सात.
पाच लागले, सहावा आज,
सातवा बेहरूझचा.
चार वर्षं तो एका चिपचा ताप उतरवत होता.
उतरलाही. पण दुसऱ्या देशात कुणीतरी
नऊ आठवडे आधी उतरवला होता.
त्यानंतर तो प्रयोगशाळेत फारसा दिसला नाही.
जाताना किल्ली दिली, सही केली, म्हणाला,
"वरच्या मजल्यावर भांड्यांचा साबण संपलाय."

तिसऱ्याच घावाला तुवाचा खिळा वाकला.
प्राध्यापक हसले, कुणी फोटो काढत होतं,
हातोडी हवेत, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत.
मी खाली गेलो. डबी उघडली.
जिन्यावर जरा वेळ लागला.

दुसरा खिळा एका दमात आत गेला.
टाळ्या. केक.

वाकलेला मी दुपारी ऐरणीवर सरळ केला,
पुसला, डबीत ठेवला.
संध्याकाळी सहाच्या बसला बेहरूझ असतो,
स्टॉप नसला तरी मला दाराशी उतरवतो.
म्हणाला, "आज कुणाचं होतं?"