नावाला मालकीण

सात वर्षांची होते मी
आणि चाळीस एकर माझ्या नावावर.
एल सेंट्रोच्या कचेरीत बापूनं मला खुर्चीवर उभं केलं,
हातात टाक दिला, कानाशी म्हणाला,
शाई सांडू नकोस, ही जमीन आहे.
जीभ बाहेर काढून मी लिहिलं, अमपारो सिंग.
शेवटचं अक्षर उलटं पडलं.
कारकून हसला नाही. त्यानं टिपकागद दाबला.

कायदा असा होता की
जो नागरिक होऊ शकत नाही त्यानं जमीन घ्यायची नाही,
आणि बापूनं नागरिक व्हायचं नाही, कारण तो गोरा नव्हता.
त्याच्या मुलखातली माणसं गोरी नाहीत
हे ठरवायला वॉशिंग्टनला न्यायमूर्ती बसले होते,
काळे झगे घालून.
आमच्या खेचराला विचारलं असतं तरी भागलं असतं.

आई सोनोराकडची, दोमितिला.
त्यांच्या लग्नाच्या परवान्याला कारकुनानं
दोघांची मनगटं टेबलावर शेजारी ठेवायला लावली,
दिव्याखाली पाहिली,
एकच रंग म्हणाला, आणि शिक्का मारला.
आई हे हसत सांगायची.
सांगताना एक हात एप्रनखाली जायचा.

मी मात्र इथली. कालव्याकाठच्या खोपटात,
जुलैच्या उन्हात, ओल्या चादरीखाली जन्मले,
म्हणून नागरिक.
दुधाचे दात पडत होते आणि मी जमीनदारीण.
पहाटे बापू पगडी बांधून दारात उभा राहायचा.
मालकीणबाई, आज पाणी सोडू का?
सोड, म्हणायचे मी, पांघरुणातूनच.
मग फळी उचलल्याचा आवाज,
मग सरीसरीतून पाण्याची कुजबुज
पार लिंबाऱ्याच्या कुंपणापर्यंत.
कसणारा एक, कागद दुसऱ्याचा.
आम्हा दोघांचा तो खेळ होता.
मला वाटायचं, खेळच.

गावातल्या पोहण्याच्या तलावात आम्हाला सोमवारी सोडत
कारण मंगळवारी पाणी बदलत.
ते पाणी मला गरम लागायचं, आवडायचं.
किती वर्षं आवडायचं, हे आता कुणाला सांगवत नाही.

हॅलोरन आला तेव्हा मी तेराची.
खरबुजांचा दलाल. टोपी न काढता स्वयंपाकघरात बसला,
करार माझ्यापुढे सरकवला,
बापूकडे न बघता म्हणाला,
मिस, तुमच्या गड्याला सांगा,
पेट्या शनिवारच्या आत रुळांवर हव्यात.

बापू चुलीजवळ उभा होता.
त्याच्या मिशीला पीठ लागलं होतं.
हा माझा बाप आहे, एवढं वाक्य.
तीन भाषांत येत होतं मला.

सांगते, म्हणाले मी.

त्या दिवसानंतर बापूनं पाणी सोडायला मला विचारलं नाही.
रागावला नव्हता. शनिवारच्या आत पेट्या गेल्या.
पहिलं खरबूज नेहमीसारखं माझ्या उशाशी ठेवलं,
देठाशी तडकलेलं, वासानं जाग यावी असं.
मी ते खाल्लं की नाही,
कितीही आठवलं तरी आठवत नाही.

चव्वेचाळीसच्या ऑगस्टात तो सरीतच बसला
आणि उठला नाही.
दाखल्यासाठी मी त्याच कचेरीत गेले.
कारकून नवा, खुर्ची तीच.
मृताचं नाव? मेहंगा सिंग.
स्पेलिंग तीनदा सांगितलं, त्यानं चौथंच लिहिलं.
धंदा?
मी गप्प. त्यानं जमिनीचं बाड उघडलं,
बोट फिरवलं, बापूचं नाव कुठंच नाही.
मग शेतमजूर लिहू ना?
लिहा.
कोणाकडे होता कामाला?

त्यानं कागद फिरवून माझ्याकडे केला.
मी लिहिलं, अमपारो सिंग.
सगळी अक्षरं सुलट आली.

संध्याकाळी शेजारचा रुतिलियो आला,
फळीला हात लावून थांबला.
माती भेगाळली होती, वेलींची पानं कानांसारखी लोंबत होती.
सोडू का, त्यानं विचारलं.

एक शब्द तर होता.