ओला आकडा

आमच्या पुंता अरेनासमध्ये छत्री कुणी घेत नाही.
घेतलीच, तर दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिच्या काड्या उरतात
आणि कापड सामुद्रधुनीपार.
वारा फार चढला की चौकात दोर बांधतात,
दोराला धरून आम्ही बँकेत जातो.

आणि मी, यास्ना बारिया,
पहाटे चारला उठून
रॉटरडॅमच्या एका कंपनीच्या
छत्र्यांच्या जाहिराती मोजते.

त्याआधी अकरा वर्षं लोकरीच्या गोदामात, वजनकाट्यावर.
गाठोडं आलं की हात आत खुपसायचा, कोपरापर्यंत.
ओली लोकर जड भरते.
लबाड माणूस रात्री पाणी शिंपडतो,
सरळ माणसाच्या गाठोड्यात धुकं शिरतं.
काट्याला दोघं सारखेच.

गोदाम बंद झालं. मग रकाने शिकले,
शेजारच्या दोन एर्नानच्या वायफायवर.
पासवर्ड त्यांच्या मेलेल्या घोडीचं नाव.
सिग्नल फक्त शेगडीजवळ यायचा,
म्हणून माझ्या पहिल्या सगळ्या तक्त्यांना
कांद्याचा वास आहे.

अर्ज एकशे सात. त्यांचीही शीट ठेवली होती.
उत्तरं एकोणीस, त्यातली सोळा यंत्रानं लिहिलेली.
एकानं विचारलं, तुमच्याकडे वीज असते ना?
असते, म्हटलं. पुढे त्याचं काही आलं नाही.

मग टिनेके. पडद्यावर तिच्यामागे पिवळी भिंत.
"क्लिक दुप्पट झाले, विक्री जागच्या जागी.
पहिलं काय कराल?"
पाठ केलेलं इंग्रजी ऐनवेळी पळालं.
मी म्हटलं, आकडा ओला आहे का ते बघेन.
ती थांबली.
"पुन्हा सांगा. लिहून घेते."

पहिलं वर्ष मी भीतीनं काढलं.
निरोप आला की मिनिटात उत्तर, न्हाणीघरातूनसुद्धा,
हिरवा ठिपका विझला तर मीच विझेन असं वाटून.
जूनमध्ये इथे सूर्य दहाला उगवतो;
काळोखात सहा तास मी लोकांना सुप्रभात म्हणत होते.
हळूहळू कळलं, कुणी ठिपका बघत नाही.
न दिसणाऱ्या माणसाचं लिहिणं दिसावं लागतं.
आता दिवसाला एक पान लिहिते:
काय मोजलं, काय टाकून दिलं, कशाची खात्री नाही.
तिसरी ओळ ते सर्वांत आधी वाचतात.

सगळे पावसाचा अंदाज बघून जाहिराती वाढवत.
मी वाऱ्याचा रकाना जोडला.
माणूस भिजला म्हणून छत्री घेत नाही, बाई,
मोडली म्हणून घेतो. दुसऱ्या दिवशी. चिडून.
तीन आलेख केले, दोन फेकले, एक दाखवला.
टिनेकेनं विचारलं, हे कसं सुचलं?
खिडकी उघडून दाखवली.
तिला नुसता आवाज ऐकू आला.

आमच्या धंद्यात एक जुनी खोड आहे:
विक्रीचं सगळं श्रेय शेवटच्या क्लिकला.
तिमाहीच्या बैठकीत यावर भांडण होतं, दर वेळी.
माझ्या नोकरीचा शेवटचा क्लिक माझा,
रात्री दोन चाळीसला.
पण त्याआधी ती घोडी.
मुलाखतभर कुत्र्याला कपाटात धरून बसलेली आई,
तिच्या मनगटावर अजून दाताची खूण.
मुकादम, ज्यानं जाताना म्हटलं,
तुझा हात खोटं बोलत नाही.
आणि एकशे सहा नकार, मोफत दाखवलेल्या जाहिरातींसारखे.
वाटणी करायला बसले,
बेरीज शंभरच्या वर जाते.

नव्या वर्षाला कंपनीनं भेट पाठवली.
छत्री. निळी, चांगली दणकट.
दोन एर्नानना दिली.
त्यांनी ती घरातच उघडून
छपराच्या गळतीखाली टांगली आहे,
नेमकी राउटरच्या वर.
एकही काडी मोडलेली नाही.

हे कुठल्या रकान्यात भरायचं
ते अजून ठरत नाहीये.