हातचा

आठ नि सात पंधरा.
पंधराचे पाच, हातचा एक.
मिरजेच्या शाळेत हातचा विसरला
की कान पिळला जायचा,
आणि पुढे हॅलिफॅक्समध्ये शेवटची बारा वर्षं
हातचा विसरायचाच मला पगार मिळाला.

सकाळी सात चाळीस. दाराबाहेर
किल्लीच्या डबीचे चार आकडे फिरतात.
"मिस्टर कॅम्बेट!"
खांबेटे तिच्या जिभेवर असेच उतरतात.
तिचं रुटेंडो तरी माझ्या वाकड्या तोंडातून
कुठे धड बाहेर पडतं.
दारामागच्या चकतीला ती फोन टेकवते:
पंधरा मिनिटं सुरू.

आधी मोजे. घट्ट, गुडघ्यापर्यंतचे.
शाळेसाठी झोपेतच पोराला कपडे चढवावेत
तसा माझा उजवा पाय ती आत घालते.
मग गोळ्या, मग घट्ट केलेला चहा
(पातळ चहाने मला ठसका लागतो),
मग पाठीवरची ती लाल जागा निरखते,
बोट दाबते, सोडते,
रंग परत येईतो थांबते.
ते थांबणं कुठल्या रकान्यात लिहायचं
हे कुणी ठरवलेलं नाही.

सात पंचावन्न. फोन पुन्हा टेकतो.
पुढचं दार सव्वाआठला, चढाच्या माथ्यावर,
मिसेस ॲक्रॉइडचं.
मधली वीस मिनिटं कुणाचीच नाहीत.
खिडकीतून दिसते ती, गारठलेल्या धुक्यात,
कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत,
अर्ध्यावर एकदा
कमरेवर हात ठेवून थांबते.

ही वीस मिनिटं मी ओळखतो.
मीच ती खोडली होती.
घरोघर मदतनीस पाठवणाऱ्या कंपनीच्या
हिशेबखात्यात, एका मार्च महिन्यात,
वरून चिठ्ठी आली: प्रवास धरू नये.
मी फूटपट्टी लावून रकानाभर शून्यं काढली,
इतकी गोल, की साहेबांनी
माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

साथीच्या वर्षी दर गुरुवारी रात्री आठला
पायरीवर उभा राहून मीही टाळ्या वाजवल्या.
शेजाऱ्याने पातेलं बडवलं.
आता उजवा हात मांडीवर पडून असतो.
एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात.
बरंच झालं.

डाव्या हाताला एल्सपेथने शिकवलं.
ऑक्युपेशनल थेरपिस्ट. चमच्याच्या दांड्याला
फोम गुंडाळायची, पेन्सिलीला रबर चढवायची.
सहा भेटी मंजूर होत्या.
सातव्यांदा आली ती जेवणाच्या सुट्टीत,
सँडविच गाडीत ठेवून.
कुठे बोलू नका म्हणाली.
(मी बोलू कुठे शकत होतो.)
"काय लिहायचंय तुम्हाला?"
तिला वाटलं असेल, नाव,
किंवा लेकीला दोन ओळी.
मी लिहिलं: वीस.

तेव्हापासून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
बालवाडीच्या अक्षरात हिशेब चालू आहे.
वीस. पंचवीस. बर्फ पडला त्या दिवशी चाळीस.
एल्सपेथची पंचेचाळीस, वेगळ्या ओळीत.
तळाशी बेरीज. या खेपेस हातचा
डोक्यावर लिहिलेला, ठळक.
आणि कोपऱ्यात, वाचता आलं तर:
आधीची शून्यं माझी.

काल मोजे चढवायच्या आधीच
कागद तिच्यापुढे सरकवला.
वाटलं, चिडेल. किंवा मला माफ करेल.
दोन्हीची तयारी ठेवली होती मी.
तिने कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
बोट फिरवत एकेक आकडा तपासला,
कोपऱ्यापाशी बोट जरा रेंगाळलं,
मग फोनकडे पाहिलं, अकरा मिनिटं उरली होती,
आणि म्हणाली,
"तारखा नाहीत, मिस्टर कॅम्बेट.
तारखांशिवाय युनियनवाले
याला हातही लावणार नाहीत.
घाला. गुरुवारपर्यंत."

आणि पाय मागितला.