फुगवटा

पहाटेचे चार. बाहिआ ब्लांका,
स्टेशनमागच्या उतारावरची बेकरी.
ओव्हिदिओ पीठ मळतोय, मी पाटी पुसतेय.
कालचा भाव ओल्या फडक्याने जात नाही,
आजच्या आकड्याखालून डोकावतोच.
परवाचाही दिसतो,
दिव्याखाली जरा तिरकी धरली तर.

रेडिओवरचा माणूस सांगतो,
चलनफुगवटा आटोक्यात येतोय.
"फुगण्यातलं मला शिकवतोय हा,"
ओव्हिदिओ म्हणतो,
आणि परातीवरचं फडकं काढतो.
दुप्पट झालेला गोळा, दिवस भरल्यासारखा.
उचलून तराजूत.
"मघाशी किती होता?"
चार किलो.
"आता बघ."
चार किलो.
"हा माझा पगार," म्हणतो
आणि मधोमध मूठ हाणतो.
फुस्स.

कधीकाळी इथल्या पाववाल्यांनी संप केला होता म्हणे,
आणि सरकारला उघड बोलता येईना
म्हणून गोड पावांना नावं ठेवली:
शिपाई. तोफा. बॉम्ब. ननचे उसासे.
अजून गिऱ्हाईक येतं, टोपी काढून सभ्यपणे म्हणतं,
अर्धा डझन तोफा द्या, आटीव दुधाच्या.
आणि मी चिमट्याने एकेक तोफ
पांढऱ्या कागदात गुंडाळते, दोरी बांधते.

सातला नेलिदाबाई खाली येतात,
चष्मा गळ्यात, बिलं हातात.
"तुला वाढवले की पाव वाढवायचा.
पाव वाढला की म्हातारे अर्धा नेणार.
अर्धाच गेला तर तुला देऊ कुठून?"
"मला न वाढवता वाढलाच की पाव.
मार्चपासून तीनदा."
"ते मैद्याने."
"मग मैद्याशी भांडा."
"मैदा माझ्याशी भांडत नाही रे,
मैदा नुसता बिल पाठवतो."

मला दोघांचंही पटतं, हीच माझी पंचाईत.
आई म्हणते, असल्या माणसाला
कुणी पुढारी करत नाही.
माझ्या पगाराचं तर कुणी काढतच नाही.
मीही नाही.
शनिवारी उरलेले शिपाई घरी नेते,
ते धरून बरं चाललंय.

त्या मंगळवारी ओव्हिदिओ बाहेर आला,
कोपरापर्यंत पांढरा.
"पाटीवर माझाही भाव लिही."
मी हसले. तो नाही हसला.
मग लिहिला, उसाशांच्या खाली:
ओव्हिदिओ, एक रात्र, आणि आकडा.
बायका रांगेत वाचत राहिल्या.
एकीने विचारलं, "किलोला?"
सगळे हसले, मग जरा जास्तच वेळ
कुणी काही बोललं नाही.

बाल्दोमेरो आजोबा, गोदीतून निवृत्त,
रोज अर्धी लांब पाव नेणारे,
पाटीपुढे ओठ हलवत उभे राहिले.
"म्हणजे नऊ किलो पाव," म्हणाले.
"एका रात्रीचे. आमच्या वेळी
रात्रपाळीला वीस यायचे.
पण तेव्हा," थोडं थांबून,
"तेव्हा पाव खराब असायचा."
पैसे मोजून ठेवले. एक नाणं परत उचललं,
पुन्हा ठेवलं.

नेलिदाबाईंनी ते नंतर पाहिलं.
मी फडकं शोधू लागले.
त्यांनी खडू घेतला. वाटलं, संपलं.
आमच्या भाषेत ब आणि व कानाला एकच,
आणि घाईत मी त्याचं नाव
चुकीच्या अक्षराने लिहिलं होतं.
तेवढं एक अक्षर त्यांनी पुसलं,
नीट गिरवलं.
आकड्याकडे बघत राहिल्या,
शेजारचं पीठ झटकावं तसं
काही नसलेलं झटकलं,
आणि गॅसवाल्याला फोन करायला वर गेल्या.

आकडा अजून तसाच आहे.
बाकीचे भाव दोनदा बदलले,
त्याच्याभोवतीने पुसावं लागतं.
खाली दोन बोटं जागा उरलीय.
दुपारी दुकान रिकामं असलं
की माझ्या हातात खडू असतो,
आणि मला माझं नाव बरोबर लिहिता येतं.
आकडा काय लिहावा,
तिथेच अडतंय.